झडती: घ्यायची असते की द्यायची?

मंडळी, झडती हा शब्द आपण आता एकाच क्रियापदाला जोडून वापरतो, घेणे. घराची झडती घेतली, गाडीची झडती घेतली, आणि घेणारे बहुतेक वेळा पोलीस. पण पेशवाईतल्या हिशेबांबद्दल वाचताना मला हाच शब्द उलट्या दिशेने जाताना दिसला. तिथे झडती म्हणजे चक्क हिशेब, किती वसूल झालं, कशावर खर्च झालं, शिल्लक काय, ते सगळं झाडून पुढे ठेवायचं, आणि ती द्यायची कोणी तर कमावीसदाराने, म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याने, ज्याच्या हातात अधिकार त्यानेच वर सरकारात झडती द्यायची. झडणे, झाडणे याच घरातला शब्द, लुगडं झाडून दाखवावं तसं. मग हे "देणं" कुठे गेलं आणि फक्त "घेणं" कसं उरलं, हा माझा प्रश्न आहे.

एका ठिकाणी मात्र ते अजून जिवंत आहे, पंचनाम्यात. कोणताही छाप्याचा पंचनामा वाचा, सुरुवातीला साधारण असं वाक्य असतं की पोलिसांनी व पंचांनी प्रथम स्वतःची अंगझडती दिली, त्यात आक्षेपार्ह काही मिळून आले नाही. का, तर बाहेरून काही आणून आत टाकलं नाही हे दिसावं म्हणून. म्हणजे आधी देणे, मग घेणे. इतकं सुंदर वाक्य आहे ते, पण बऱ्याचदा ते आधीच छापलेलं असतं आणि प्रत्यक्षात कोणी खिसा उलटा करून दाखवत नाही.

मी हे का लिहितेय तर आमच्या आबांमुळे, म्हणजे माझ्या वडिलांमुळे. आबांचं शिलाईचं दुकान होतं. समोरच्या खोलीत एक बाई लहान मुलाला घेऊन भाड्याने राहायची, तिच्या दिराच्या कुठल्यातरी प्रकरणात एका संध्याकाळी पोलीस आले. तासाभराने हवालदार दुकानात आले, काका, पंच पाहिजेत, चला. आबा गेले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. डाळीचा डबा पलंगावर उलटा, चादरीवर तूरडाळ पसरलेली, ट्रंकेतले कपडे मोरीजवळ, आणि ती बाई पोराला कडेवर घेऊन बाहेर जिन्यात उभी, तिला आत येऊच दिलं नव्हतं. मग कागद आबांच्या कटिंगच्या टेबलावर, खडू आणि कात्रीच्या मधे ठेवला. वरच्या चार ओळी लिहिलेल्या, खाली कोरं. "इथं सही करा, बाकीचं आम्ही भरतो." आबांनी केली. घाबरले होते, ते अजूनही मान्य करतात.

तर घरझडती, अंगझडती, तपासणी, छापा, धाड, या शब्दांत तुमच्याकडे काय फरक करतात ते सांगा.

प्रतिसाद: कोल्हापूरकडे धाड म्हटलं की आधी वाईटच आठवतं, "काय धाड भरलीय तुला" असं आजी ओरडायची. धाड मुळात लुटारूंची, छापा गनिमी युद्धातला, अचानक येऊन घालायचा. आज पेपरवाले आयकर असो की पोलीस सर्रास धाड टाकली लिहितात. मला वाटतं तिथेच गडबड आहे, धाडीला कागद लागत नाही, झडतीला लागतो. शब्द बदलला की वाचणाऱ्याच्या मनातून कागदाचा प्रश्नच निघून जातो.

धागाकर्ती: अगदी बरोबर पकडलंत दादा. आणि कागद म्हणजे फक्त वॉरंटच असं नाही हं, हा मोठा गैरसमज आहे. सरकारी मराठीत वॉरंटला अधिपत्र म्हणतात, ते बोलण्यात कोणी वापरत नाही, सगळे वारंटच म्हणतात. तपास अधिकाऱ्याला घाईच्या वेळी वॉरंटशिवायही झडती घेता येते, पण तेव्हा कोणत्या कारणाने आणि नेमकं काय शोधायला चाललोय ते आधी लिहून ठेवावं लागतं. पूर्वी हे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६५ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ मध्ये आहे, आणि आता त्या लिखाणाची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटकडे जायला हवी. घरमालकाने अर्ज केला की त्यालाही प्रत फुकट मिळते. म्हणजे बघा, इथेही पोलिसांनी झडती "द्यायची"च आहे, कागदावर.

प्रतिसाद: ताई, एक प्रॅक्टिकल विचारतो. रात्री नाक्यावर अडवतात, लायसन बघतात ते ठीक, पण मग "मोबाईल दाखव, तपासणी आहे" म्हणतात आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडायला लावतात. ही तपासणी की झडती?

धागाकर्ती: माझ्या मते शब्दाची हीच फसवणूक आहे. तपासणी म्हणजे जे पुढे ठेवलंय ते बरोबर आहे का बघणं, लायसन, पीयूसी, डॉक्टरची तपासणी, उत्तरपत्रिकेची तपासणी. जे झाकलंय ते उघडून धुंडाळणं म्हणजे झडती, मग तो खिसा असो, डिकी असो नाहीतर फोन. झडतीला तपासणी म्हटलं की ती हलकी वाटायला लागते आणि माणूस मुकाट्याने पासवर्ड टाकतो. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलंय, फोनमध्ये तर माणसाचं अख्खं घर असतं. भांडू नका, पण शांतपणे कारण विचारा, कोणत्या गुन्ह्यात ते विचारा आणि नाव विचारा.

प्रतिसाद: मी वकिली करतो म्हणून थोडी भर घालतो. लोकांना वाटतं झडती बेकायदा ठरली की केस संपली. तसं नाही. पूरनमल खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की झडती बेकायदा होती एवढ्याच कारणाने त्यात सापडलेला पुरावा फेकून देता येत नाही, अमली पदार्थांच्या कायद्यात अंगझडतीबद्दल जास्त कडक नियम आहेत पण ते वेगळं. म्हणून चुकीच्या झडतीबद्दल पोलिसांवरच वेगळी कारवाई मागावी लागते. १९५१ चा आपला पोलीस कायदा आहे, पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम, आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम, त्याच्या कलम १४७ मध्ये अधिकार किंवा वाजवी कारण नसताना घरात शिरणाऱ्या, झडती घेणाऱ्या, विनाकारण माल जप्त करणाऱ्या पोलिसाला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितलीय. शिवाय पोलीस सुधारणांबद्दलच्या २००६ च्या प्रकाशसिंग निकालानंतर राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण आलं, २०१४ च्या दुरुस्तीने ते कायद्यात घातलं. पण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी दोन्हीचं नाव ऐकलेलं नसतं. आणि ताई, तुमच्या वडिलांचं पुढे काय झालं? पंच फितूर झाला असणार, म्हणजे कोर्टात पोलिसांच्या कागदाविरुद्ध बोलला असणार.

धागाकर्ती: हो, झाला, आणि याच शब्दाबद्दल मला बोलायचंच होतं. चार वर्षांनी समन्स आलं. आबांनी कोर्टात शपथेवर सांगितलं, सही माझी आहे, मजकूर माझ्यासमोर लिहिलेला नाही. जे खरं तेच. सरकारी वकिलांनी लगेच साक्षीदार फितूर घोषित करण्याची परवानगी मागितली. आबा घरी आले ते जेवलेच नाहीत. आम्ही लहान असताना हेच आबा सूर्याजी पिसाळाची गोष्ट सांगायचे, त्यांच्या लेखी फितूर म्हणजे किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून देणारा. मी नंतर बघितलं तर पुराव्याच्या कायद्यातल्या कलमात असा शब्दच नाही, तिथे फक्त एवढंच आहे की कोर्ट पक्षकाराला आपल्याच साक्षीदाराला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारू देऊ शकतं. फितूर हा शब्द आपण मराठीत आणून बसवलाय. पैसे खाऊन फिरणारे साक्षीदार असतात, मान्य, पण खरं बोलणाऱ्या पंचालाही तोच शिक्का बसतो आणि कोरा कागद पुढे करणाऱ्याला आपल्या भाषेत काही नावच नाही. निदान "साक्षीदार उलटला" एवढं तरी साधं म्हणावं.

प्रतिसाद: मग पोलिसांच्या बाजूने काय शब्द वापरायचा? उत्तरदायित्व फार जड होतं, जबाबदेही हिंदी वाटतं.

धागाकर्ती: जाब आहे की. जाब विचारणे, जाब देणे. जबाब आणि जाब एकाच मुळाचे, पण जबाब पोलीस आपला नोंदवतात आणि जाब आपण विचारतो, इतका नेमका फरक भाषेने आयता करून ठेवलाय. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत कलिना भागात एकाची अंगझडती घेताना त्याच्या खिशात काहीतरी सरकवताना पोलीस सीसीटीव्हीत दिसले आणि चार जण निलंबित झाले, ते कॅमेरा होता म्हणून. आता नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करावंच लागतं आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं असतं. तेव्हा घरात पोलीस आले तर शूटिंग चालू आहे ना, हे विचारायला अजिबात कचरू नका, घरातल्या माणसाला तिथे हजर राहायचा हक्क आहे, जप्त मालाच्या यादीची प्रत मिळायचा हक्क आहे, आणि बाईची झडती बाईनेच घ्यायची.

गेल्या वर्षी आबांना पुन्हा पंच म्हणून बोलावणं आलं. या वेळी ते चष्मा घेऊन, सुरुवातीपासून गेले. हवालदार तरुण होता, आबा त्याला म्हणाले, बाळा, आधी तुझी झडती दे. त्याने खरंच दिली, रुमाल, पेन, एसटीचं तिकीट, सगळं काढून मोरीच्या कट्ट्यावर ठेवलं. मग आबांनी पंचनामा पूर्ण वाचला, खाली चार बोटं कोरी जागा उरली होती, तिच्यावर तिरकी रेघ मारली आणि रेघेला लागून सही केली.