बाल्टिमोरमधलं पोचं घर, आईला घेऊन जावं का?

भटकभवानी:
आई जूनमध्ये येतेय, डीसी तिचं दोनदा झालंय म्हणून यंदा बाल्टिमोरला एक दिवस काढू म्हणतेय. भयकथा लिहिणारा एडगर ॲलन पो राहायचा ते ॲमिटी स्ट्रीटवरचं घर मला कॉलेजपासून बघायचंय. पण फोटोत अगदीच एवढंसं दिसतं, विटांचं. खास त्यासाठी जावं का? आईचे गुडघे दुखतात, जिने कितपत आहेत?

टॉम्या:
जा की, फक्त मोठा वाडा बघायला चाललोय असं समजू नका. माळा धरून पाच खोल्या, त्यात १८३३ ते ३५ पो, त्याची आजी, आत्या आणि आतेबहीण राहायचे (हीच ती जिच्याशी पुढे १८३६ला लग्न केलं, ती १३ची आणि हा २७चा, असो). जिना मात्र बेकार आहे, वळत वळत जातो आणि इतका अरुंद की मी सॅक पोटाशी धरून चढलो, आणि वर छप्पर तिरकं, टाळकं आपटलंच. आईंना खालीच थांबवा.

जुनीवीट:
आत फर्निचर फारसं नाही, ते मनात धरून जा. मला तिथे सगळ्यात जास्त लागलं ते पैशाचं. घर चालायचं मुख्यतः आजीच्या पेन्शनवर, वर्षाला २४० डॉलर. १८३३ला पोला एका साप्ताहिकाच्या कथास्पर्धेत ५० डॉलर मिळाले म्हणजे बघा, अडीच महिन्यांची पेन्शन एका गोष्टीत! आजी १८३५च्या जुलैत गेली, पेन्शन बंद, महिन्याभरात हा नोकरीसाठी रिचमंडला. आणि हे घरही पडणारच होतं, आजूबाजूची घरं पाडून सरकारी वसाहत बांधली तेव्हा पो सोसायटीवाल्यांनी (पोच्या चाहत्यांची संस्था) धडपड करून एवढं वाचवलं, १९४९ला म्युझियम झालं. वसाहतीचं नावपण पो होम्स.

आळशी:
मला तर वीस मिनिटांत संपलं. पोचं थडगं बाल्टिमोरमध्येच वेस्टमिन्स्टर चर्चच्या आवारात आहे, घरापासून फार लांब नाही, दोन्ही एकत्र करा नाहीतर पेट्रोल वाया.

भटकभवानी:
थँक्यू सगळ्यांना. आई म्हणतेय तू बघून ये मी गाडीत बसते, पण थडगं मात्र बघणार म्हणे. तिकडे पार्किंगचं काय?