ओपुआला (न्यूझीलंडमधलं बंदर) बोट सहा महिने सोडताना
शिडाच्या बोटीने फिरणारी जोडपी दक्षिण पॅसिफिकमधला नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा हंगाम टाळायला न्यूझीलंडला थांबतात. अशा जोडप्याने तिथे फिरायला व्हॅन कुठली घ्यावी, यावर बरंच बोललं जातं. मागे धक्क्यावर राहिलेल्या बोटीचं मात्र कुणीच बोलत नाही.

डिझेलची टाकी काठोकाठ भरा. अर्धी ठेवली की आतल्या हवेतली वाफ थंड पत्र्यावर जमते, ते पाणी तळाशी बसतं आणि त्याच्या नि डिझेलच्या सीमेवर जंतू माजतात. एप्रिलात फिल्टर काळ्या, बुळबुळीत गाळाने तुंबतो. इंजिनात गोडं पाणी फिरवा आणि खाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक) काढा. नाहीतर दबलेल्या पाकळ्या तशाच वाकून बसतात. काढलेला इम्पेलर इंजिनाच्या किल्लीलाच बांधा. परतल्यावरच्या घाईत कोरडा पंप फिरवणारे कमी नाहीत!

धक्क्यावरची वीज जोडून ठेवणार असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (अर्थिंगच्या तारेतला गंजवणारा बारीक प्रवाह अडवणारं उपकरण) हवाच. नाहीतर त्या तारेतून शेजारच्या बोटींशी जोडणी होते आणि तुमचे जस्ताचे ॲनोड (बोटीचे बाकीचे धातू वाचवायला स्वतः झिजणारे तुकडे) फुकट झिजतात. शिडं उतरवा, फ्रिजचं दार उघडं ठेवा.

या मुक्कामात कमाई करायची असेल तर: व्हिजिटर व्हिसावर न्यूझीलंडमध्ये नोकरी चालत नाही, शेजाऱ्याच्या बोटीचा तळ घासून पैसे घेणंही त्यातच आलं. जानेवारी २०२५ पासून परदेशी मालकाचं काम लॅपटॉपवर करायला मात्र परवानगी आहे. ९० दिवसांपुढे कराचा प्रश्न निघू शकतो, तेवढं आधी विचारून घ्या.