घरातील चुलीचा धूर कमी करण्यासाठी सुरुवात कुठून करावी?

प्रश्न
आमच्याकडे रोजचा स्वयंपाक गॅसवर होतो, परंतु अंघोळीचे पाणी अजूनही चुलीवरच तापते आणि थंडीत रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवली जाते. आईचा खोकला वर्षभर हटलेला नाही, त्यातच आता घरात तान्हे बाळ आहे. खिडकी उघडी ठेवली तर पुरेसे होईल का? शेगडीला धूर नसतो, तेव्हा ती निर्धोक समजावी का?

पहिला प्रतिसाद
शेगडी आज रात्रीच खोलीबाहेर काढा, बाकीचे नंतर पाहता येईल. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो की वास नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या 200 पटींहून अधिक घट्ट बांधला जात असल्यामुळे झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच जिवावर बेतू शकते. घरातील सर्वांचेच डोके एकदम दुखू लागले किंवा मळमळू लागले, तर तत्काळ मोकळ्या हवेत जावे.

दुसरा प्रतिसाद
खिडकीने धूर विरळ होतो, एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये अतिसूक्ष्म कणांसाठी सुचवलेली वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरमागे 5 मायक्रोग्रॅम आहे. पेटत्या चुलीजवळ हे प्रमाण शेकड्यांत जाते, म्हणून ते निम्म्यावर आले तरी बाळाच्या फुप्फुसांना त्याचा फारसा उपयोग नाही. चूल चालूच ठेवायची असेल, तर ती उघड्यावर हलवावी, आणि ते जमत नसल्यास छपराच्या वर जाणारे धुराडे बसवून त्यातील काजळी वेळोवेळी काढावी. लाकूड फोडून, पावसापासून झाकून पूर्ण वाळवावे, कारण ओल्या सरपणाची बरीच उष्णता त्यातील पाणी उडवण्यातच जाते, ज्वाला थंडावते आणि अर्धवट जळालेले लाकूडच धूर होऊन बाहेर पडते. पेटवण्यासाठी प्लास्टिक कधीही घालू नये.

तिसरा प्रतिसाद
वरील उपाय योग्य आहेत, तरीही माझ्या मते तुम्ही चुलीच्या सुधारणेवर खर्च करू नये. तुमची चूल केवळ पाण्यासाठी पेटते आणि हे काम सौर किंवा विजेच्या हीटरवर सहज नेता येते. गॅस आला तरी चूल एखाद्या कामापुरती मागे राहते आणि तेवढ्यानेही घरातली हवा बिघडते, हीच खरी अडचण आहे. रॉकेलचा पर्याय मात्र स्वीकारू नका. गॅसच्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, म्हणून तेथेही हवा बाहेर टाकणारा पंखा हवा. आईंची श्वासक्षमता डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि चूल किती वर्षे वापरली हे त्यांना आवर्जून सांगा.