बीकेसीच्या मैदानातून नक्की कुणाची गरिबी गेली?

औसेकर (धागाकर्ता)

परवा इथेच एकीने लिहिलं, "२०१६ च्या नोव्हेंबरात मुंबईत बीकेसीच्या मैदानावर गाण्यांच्या कार्यक्रमाला जमून आम्ही ऐंशी हजार जणांनी जगातल्या गरिबीविरुद्ध आवाज उठवला. आमच्या पिढीचं ते सगळ्यात मोठं सामाजिक काम." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मी लातूर जिल्ह्यातला. त्याच वर्षी एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूरला द्यावं लागलं. माझी पुतणी शाळा बुडवून घागरींच्या रांगेत उभी राहायची. बीकेसीवरच्या ग्लोबल सिटीझन कार्यक्रमाचे विषय होते शिक्षण, मुलींची समानता आणि पाणी-स्वच्छता. म्हणजे आमच्याच घरातले! आणि पास मिळवायला काय करायचं? ऑनलाइन अर्जावर सही, एखादं ट्वीट, एखादा मिस्ड कॉल. गाणी ऐकायला जा, कुणी अडवलंय? मीही पुण्यात सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला थंडीत रात्र काढलीय. पण घरी येऊन समाजसेवा केली असं सांगितलं नाही.

ठाण्याची वैदेही

ती पोस्ट माझी होती, नाव घेऊन बोला. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. त्या सह्यांच्या निमित्तानं मी पहिल्यांदा वाचलं की शाळेत स्वच्छतागृह नाही म्हणून मुली शाळा सोडतात. तिथून पुढे चार वर्षं दर शनिवारी वस्तीतल्या मुलींना गणित शिकवलं. सुरुवात गाण्यानं झाली म्हणून ते काम खोटं ठरतं का? तुमच्या पुतणीच्या रांगेला माझा पास कारण नव्हता, काका.

दूरदेशी (लंडन)

औसेकर, तुम्ही मदतनिधी आणि दबाव यांची गल्लत करताय. १९८५ चा लाइव्ह एड हा गाण्यांचा कार्यक्रम पैसे गोळा करायला होता. २ जुलै २००५ चा लाइव्ह ८ तसा नव्हता, तिथे पैसे मागितलेच नाहीत. चार दिवसांनी स्कॉटलंडमधल्या ग्लेनईगल्सला जी-८ ची, म्हणजे आठ बड्या देशांच्या नेत्यांची बैठक होती, त्या आठ जणांवर दडपण आणायचं होतं. त्याच दिवशी एडिंबरात सव्वादोन लाखांचा मोर्चा निघाला. पांढरे कपडे घालून मी त्यात चाललोय, मुलगी खांद्यावर होती. १८ गरीब देशांचं सुमारे ४० अब्ज डॉलरचं कर्ज माफ झालं. झांबियानं पुढच्याच वर्षी खेड्यातल्या दवाखान्यांची फी बंद केली. बाळंतपणाला आलेल्या बाईकडे पैसे मागणं थांबलं, हे तुम्हाला काहीच वाटत नाही?

औसेकर

वाटतं. पण कर्जमाफीचं अर्थमंत्र्यांचं ठरलं जूनमध्ये, गाणी झाली जुलैत. आणि ग्लेनईगल्सचं दुसरं वचन का सांगत नाही? २०१० पर्यंत वर्षाची मदत ५० अब्ज डॉलरनं वाढवू, त्यातली निम्मी आफ्रिकेला. आफ्रिकेच्या त्या वाढीव वाट्यातलं निम्मंसुद्धा पोचलं नाही. तेव्हा ते लाखो लोक कुठे होते?

दूरदेशी (लंडन)

जूनमध्ये ठरलं ते १९९८ साली बर्मिंगहॅमला कर्जमाफी मागत मानवी साखळी करून उभ्या राहिलेल्या आणि पुढेही मागणी लावून धरलेल्या माणसांमुळे. मंत्र्यांना स्वप्न पडलं नव्हतं. वचन पाळलं गेलं नाही हे मात्र खरं. २०१० साली मी रस्त्यावर नव्हतो, तेही खरं.

विसापूरची सून

माझं वेगळंच दुखणं आहे. त्याच २००५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत ग्रामीण रोजगार हमीचा कायदा संसदेत मंजूर झाला. त्याचं मूळ आमच्या तासगाव तालुक्यात. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागेंनी साठच्या दशकात इथे मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला, बहात्तरच्या दुष्काळानं तो राज्यभर नेला, १९७७ ला राज्याचा कायदा झाला. जगातल्या गरिबीवर बोलताना मराठी माणसालाच हे आठवत नाही याचा संताप येतो.

बहात्तर साली माझी सासू सहा महिन्यांचं पोर झाडाला झोळीत टांगून खडी फोडायची. खायला सुकडी मिळायची, अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, मिळायची. ती म्हणायची, "मिलो घशाखाली उतरत नव्हता, पण मजुरी मागायला लाज वाटत नव्हती."

पगारदार

आणि त्या हमीचे पैसे कुणी दिले? आम्ही! व्यवसाय कर १९७५ पासून त्यासाठीच सुरू झाला. आजही महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात, वर्षाचे अडीच हजार. त्यासाठी मला कुणी मैदानात बोलावून टाळ्या दिल्या नाहीत.

विसापूरची सून

टाळ्या कशाला हव्यात? बहात्तरला मजुरांनीही मोर्चे काढले, कामं मागून घेतली. नुसता तुमचा कर असता तर मस्टरवर, म्हणजे कामाच्या हजेरीपटावर, सासूचं नाव लागलं नसतं.

पगारदार

मोर्चे काढले, मान्य. पण आमच्या गावच्या हजेरीपटावर मेलेल्या माणसांचे अंगठे होते, त्यावरही बोला. माझे वडील ग्रामसेवक होते. त्या सह्या करायला नकार दिला म्हणून दोन वर्षांत तीन बदल्या झाल्या. आम्हा भावंडांच्या तीन शाळा.

ठाण्याची वैदेही

विषय कुठे गेला? पण काकू, तुमच्या सासूबाईंचं वाचून मी थांबले. हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही. त्या मैदानात पंतप्रधान पडद्यावरून बोलले, मंचावरून वचनं दिली गेली. पुढे त्यांचं काय झालं, हे मी कधी शोधलं नाही. तेवढं औसेकरांचं बरोबर. बाकीचं नाही.

औसेकर

'सगळ्यात मोठं सामाजिक काम' हे शब्द मागे घ्या, मीही माझा सवाईचा टोला मागे घेतो. शनिवारच्या गणिताचं आधीच लिहिलं असतं तर हा धागा काढलाच नसता.

ठाण्याची वैदेही

'सगळ्यात मोठं' मागे घेते. 'काम' नाही.

विसापूरची सून

पगारदार, वडिलांच्या बदल्या कुठल्या तालुक्यात झाल्या? माझे सासरे तेव्हा पाझर तलावावर मुकादम होते.