बाल संरक्षण कक्षात निवड झालीय, पण गृहभेटीची धास्ती वाटते

नवी_कार्यकर्ती:
नमस्कार. यंदा एमएसडब्ल्यू झालं. आमच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात सामाजिक कार्यकर्ता म्हणून निवड झालीय. कंत्राटी, महिना १८,५३६ रुपये. घरी रोज एकच धोशा, "तलाठ्याचा फॉर्म भर." पैशाचं मी बघून घेईन, धास्ती आहे ती गृहभेटीची. कॉलेजच्या फील्डवर्कला मॅडम सोबत असायच्या. आता कुणाच्या तरी दारात एकटीनं उभं राहून "पोराला मारता का हो?" असं विचारायचं? आत गेल्यावर नेमकं करतात काय?

गावगाडा_७७:
तलाठ्याचा फॉर्म भरा. माझी बहीण चार वर्षं या कामात होती. पेट्रोल खिशातलं आणि रात्री अकराला फोन. शेवटी सोडलं.

उसाचा_पट्टा:
गावगाडा म्हणतात ते खोटं नाही, तरी लिहितो. मी संरक्षण अधिकारी आहे, नऊ वर्षं झाली. जिल्हा सांगत नाही, ऊसतोडीचा आहे एवढं पुरे.

ताई, तो प्रश्न दारात विचारायचाच नाही. मी विचारला होता. पहिलंच वर्ष, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर तक्रार आलेली, की मुलाला चटके देतात. आईबाप कारखान्यावर तोडीला, आठ-नऊ वर्षांचं पोर चुलत्याकडं. मी गेलो आणि थेट चुलत्यालाच विचारलं. लगेच खुर्ची आली, चहा आला. त्यानं पोराला हाक मारली, "सांग रे साहेबांना, काका मारतो का?" पोर नाही म्हणालं. मी अहवालात 'तक्रारीत तथ्य आढळले नाही' असं लिहून मोकळा. आमच्या वरिष्ठ बाईंनी कागद वाचला आणि एवढंच विचारलं, "तो झोपतो कुठं?"

मला माहीत नव्हतं. मी त्या घरात अर्धा तास बसून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी घरी न जाता शाळेत गेलो. गुरुजींनी पोराला व्हरांड्यात आणून बसवलं. मीही खाली बसलो, खुर्ची घेतली नाही. मारण्याचा विषयच काढला नाही. म्हटलं, काल उठल्यापासून काय काय केलंस ते सांग. शेण काढलं, हौदात पाणी भरलं, शाळेत आलो. रात्री काय जेवलास? भाकरी. कुणासोबत? एकटाच, गोठ्यात. झोपायला तिथंच, पोत्यावर. डाव्या दंडावर तीन डाग होते, एकाखाली एक, बोटभर अंतरानं. त्यांच्याकडं मी नुसतं बघितलं. बऱ्याच वेळानं तोच म्हणाला, "काकूचं उलथनं तापलेलं असतंय ना."

मग दवाखाना, पोलीस आणि चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढं, मूल कुणाकडं ठेवायचं ते हीच समिती ठरवते. समितीनं त्याला आईच्या आईकडं दिलं. बाल संगोपन योजनेत नाव घातलं, तेव्हा महिना ४२५ रुपये मिळायचे, आता २,२५० आहेत.

अहवालाचं म्हणाल, तर बघितलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळं लिहा. 'वडील व्यसनी' असं मी एकदा शेजारणीच्या तोंडून ऐकून लिहिलं. समितीतल्या एका सदस्यांनी विचारलं, तुम्ही पिताना बघितलं का? गप्प बसलो. 'घर अस्वच्छ' हेही लिहू नका, गरिबाचं घर आपल्याला अस्वच्छच दिसतं. दुपारी दोनला चूल थंड होती, डब्यात पीठ नव्हतं, असं लिहा. किंवा पीठ होतं, दप्तर खुंटीला होतं, पोरगी आईच्या अंगावर रेलून बसली होती, हेही लिहा. अर्ध्या भेटींत मूल घरातच राहिलेलं बरं असतं, आणि तेही कुणीतरी कागदावर आणावं लागतं.

लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर मात्र खोदून विचारत बसू नका. मूल जेवढं स्वतः बोललं तेवढं त्याच्याच शब्दांत टिपा आणि पोलिसांना कळवा. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ नं ते बंधनकारक आहे. जबाब शक्यतो महिला पोलीस अधिकारी घेतील, गणवेशाशिवाय, मूल म्हणेल त्या ठिकाणी. आपण आधी चार वेळा वदवून घेतलं तर त्या जबाबाची माती होते.

झेडपी_गुरुजी:
मुख्याध्यापक आहे. कक्षाची माणसं आमच्याकडं जास्त येतात ती बालविवाहाच्या वेळी. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत मुलीचं लग्न उरकायचं, म्हणजे नवराबायकोचा नवा कोयता, म्हणजे तोडीची जोडी, तयार होतो, उचलही (आगाऊ पैसे) मिळते. मांडवात आधार कार्ड पुढं करतात, त्यावर मुलगी एकोणीस वर्षांची. नव्या ताईंनी लक्षात ठेवावं, वयाला आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार त्यात कुठंच नाही. आमचं शाळेतल्या मुलांच्या नोंदीचं जनरल रजिस्टर जुनं, कडा खाल्लेलं, पण त्यावर एक लग्न थांबलंय. पुढं आठ दिवसांनी तीच मुलगी दुसऱ्या तालुक्यात उजवली, ते कळलं फार उशिरा.

उसाचा_पट्टा:
गुरुजी, म्हणूनच आम्ही आता आईबापाच्या 'लग्न लावणार नाही' अशा हमीपत्रावर भागवत नाही. मुलीला समितीपुढं नेतो आणि महिनाभर दर आठवड्याला अंगणवाडीताईंना फोन करतो.

नवी_कार्यकर्ती:
सोमवारी रुजू होतेय. 'झोपतो कुठं' वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

उसाचा_पट्टा:
वही जाड पुठ्ठ्याची घ्या, उभ्यानं लिहावं लागतं. आणि आत मुलांची नावं नकोत, नुसता प्रकरण क्रमांक. माझी एकदा एसटीत राहिली होती. डेपोत जाऊन परत मिळेपर्यंत दोन दिवस जेवण गेलं नाही.