आई-बाबांना एखादी जुनी वस्ती पायी दाखवायची आहे

नमस्कार मंडळी,

आई-बाबा पुढच्या महिन्यात येताहेत. बसमधून शहर गेल्या खेपेलाच बघून झालं. या वेळी बाबांना एखाद्या जुन्या वस्तीत, तिथेच राहणाऱ्या कुणाबरोबर रमतगमत हिंडायचंय. स्वयंसेवक गाइड असतात म्हणे. ते खरंच पैसे घेत नाहीत का, की शेवटी पाकीट द्यायचं असतं? आईचे गुडघे दुखतात, तिला झेपेल का?

---

ताई, नक्की न्या.

या स्वयंसेवकांना ‘ग्रीटर’ म्हणतात. १९९२ साली लिन ब्रूक्स यांनी न्यूयॉर्कमध्ये हे सुरू केलं. तेव्हा त्या शहराची बाहेर फार बदनामी होती. आपलं शहर खरं कसं आहे ते तिथल्या रहिवाशांनीच पाहुण्यांना दाखवावं, असं त्यांना वाटलं. पुढे पॅरिस, शिकागो अशा कितीतरी शहरांत ते पसरलं. फी नाही, टिप नाही आणि एका वेळी जास्तीत जास्त सहा जण. ‘फ्री वॉकिंग टूर’ वेगळी बरं का! तिथल्या गाइडची कमाईच टिपेवर असते, तिथे हात आखडू नका.

सहाचा नियम मात्र पाळा. आम्ही ऐनवेळी आणखी दोन कुटुंबं बरोबर नेली. गाइड बाई काही बोलल्या नाहीत, पण अरुंद फुटपाथवर मागच्यांना एक शब्द ऐकू येईना. एका घराचं आतलं अंगण दाखवायचं त्यांनी ठरवलं होतं, एवढ्या घोळक्यामुळे ते राहूनच गेलं. मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा नोंदणीच्या फॉर्ममध्ये नीट लिहिलं, की सासरे बांधकामातले आहेत. गाइडने आम्हाला एका भिंतीसमोर अर्धा तास उभं केलं! अर्ध्या उंचीवर विटांचा रंग बदलला होता, वरचा मजला मागाहून चढवलेला. सासऱ्यांनी सांधे बोटांनी चाचपून पाहिले, आणि मग तेच गाइडला समजावून सांगू लागले. म्हणून ‘आवड’ या रकान्यात ‘इतिहास’ एवढंच लिहून सोडू नका.

आईंच्या गुडघ्यांचं आधीच कळवा. फेरी साधारण दोन ते चार तासांची असते. दोनच तास, चढ नको, मध्ये बसायला बाक हवेत, असं स्पष्ट लिहा. त्याप्रमाणे वाट ठरवतात.

---

वरच्या उत्तरात एकच भर. गाइडना मराठी येत नसेल, तर आई-बाबांना मराठीत सांगायचं काम तुमच्यावर येईल. ‘दोन-तीन वाक्यांनंतर थांबा’ असं गाइडना सुरुवातीलाच सांगा. आमच्या वेळी मी शेवटी गोळाबेरीज सांगायचो, आणि आईला गमतीचा भाग कळेपर्यंत सगळे पुढे निघालेले असायचे.

---

दोघांचेही मनापासून आभार! फॉर्म भरला. बाबा तीस वर्षं टपाल खात्यात होते, तेच लिहिलं. आजच उत्तर आलं: एका गल्लीत घरांचे क्रमांक मध्येच उलटे फिरतात, तिथून सुरुवात करू. बाबांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी लगेच विचारलं, “सम क्रमांक कुठल्या बाजूला आहेत?”