‘चालू होतो, पण चालू होत नाही’: बूटला मराठीत काय म्हणायचं?

ओलीशाई
आमच्या वाचनालयातल्या जुन्या लॅपटॉपांवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचं ठरलंय. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे अपडेट थांबले आणि विंडोज ११ या लॅपटॉपांना झेपत नाही. मुलांना स्वतःचं स्वतः करता यावं म्हणून मी मराठीत एक पत्रक लिहितेय. ‘अडलं तर’ या भागात वाक्य होतं, ‘लॅपटॉप चालू होतो, पण बूट होत नाही.’ म्हणजे दिवा लागतो, पण ऑपरेटिंग सिस्टिम उघडत नाही. मुद्रितं तपासणाऱ्या सरांनी ‘बूट’ खोडला. आता वाक्य झालंय, ‘लॅपटॉप चालू होतो, पण चालू होत नाही.’ सर म्हणाले, मग दुसऱ्या ठिकाणी ‘सुरू’ करा. चालू आणि सुरू यातला फरक मलाच सांगता येत नाही, मुलांना काय सांगू? बूटला रुळलेला मराठी शब्द आहे का? ‘प्रारंभन’ वगैरे नको.

ता. क. ज्या लॅपटॉपवर प्रयोग करतेय (कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती) तो पेनड्राइव्ह लावलेला असला तरच बूट होतो. काढला की ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’. पण तो प्रश्न इथला नाही.

रातपाळी
इथलाच आहे. फोनवर लोकांचे संगणक दुरुस्त करण्यात माझ्या रात्री जातात आणि माझा पहिला प्रश्न हाच असतो: चालू होत नाही की बूट होत नाही? दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, पडदा मेलेला, म्हणजे चालू होत नाही. मग चार्जर बघा, रॅम काढून पुन्हा बसवा. कंपनीचं चिन्ह दिसलं आणि मग अडलं, म्हणजे बूट होत नाही. तिथे स्क्रूड्रायव्हरचं काम नाही. माझ्या मावसभावाने दुकानात जाऊन ‘चालू होत नाही’ एवढंच सांगितलं, दुकानदाराने मदरबोर्डचा खर्च सांगितला. गेलं होतं फक्त ग्रब, म्हणजे लिनक्सला उठवणारा छोटा प्रोग्राम, बूटलोडर. शब्द खोडला की निदान चुकतं, हे सरांना सांगा.

मोडीवाचक
निदानासाठी दोन शब्द हवेत हे मान्य. दुसरा शब्द इंग्रजीच का? बूट हा मुळात अर्धा शब्द, पूर्ण शब्द बूटस्ट्रॅप. बूट ओढून चढवायला मागे जो पट्टा असतो तो. आपलाच पट्टा धरून आपल्यालाच उचलायचं, ही त्यातली गंमत. १९५२च्या आयबीएम ७०१ या संगणकाला ‘लोड’चं बटण होतं. ते दाबलं की आकड्यांचा पहिला संच वाचला जाई, आणि पुढचं वाचायचं कसं हे तो सांगे. जुन्या बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होताच सगळ्यात आधी चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम) आजही तेच: डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी जेमतेम ४४६ बाइट या कामाला, बाकीचं सगळं त्यांनी हाक मारून बोलवायचं. मराठीत याला ‘उठणे’ म्हणा. ‘लॅपटॉप चालू होतो, पण उठत नाही.’ घरोघरी समजेल.

दादरटीटी
झाकण उघडल्यावर जो उठतो त्याला मग काय म्हणणार? तो सस्पेंडमधून, म्हणजे झोपेतून उठलाय, बूट झालेला नाही. लिनक्सवर जुन्या लॅपटॉपांची निम्मी रडगाणी नेमकी तिथलीच असतात: झाकण मिटलं, उघडलं, पडदा काळा. पत्रकात दोन्हीकडे ‘उठत नाही’ लिहिलंत तर पुन्हा सरांच्या वाक्यासारखंच होईल.

पंचगंगा
आवो, बूट आपलाच हाय की! ‘पन्हाळ्याला जायचा बूट निघाला’, ‘कुणी काढला हा बूट?’ असं आम्ही रोज म्हणतो. डोक्यातनं एखादी टूम निघणं म्हणजे बूट निघणं. यंत्राच्या डोक्यात काम करायचा बूट निघाला, की झालं बूट. आणि माझं मत असं, की हा बूट कानडी बुट्टीतनं आलाय. बुट्टी म्हणजे टोपली. टोपलीतनं काढल्यागत एकेक कल्पना काढायची. शाळेला बुट्टी मारतो तीच ही बुट्टी.

मोडीवाचक
टोपलीतून ‘बूट’ कसा निघाला? ‘ट्ट’चा ‘ट’ झाला, स्त्रीलिंगाचं पुल्लिंग झालं आणि अर्थही फिरला, इतकं सगळं घरबसल्या? आणि शाळेला मारायच्या बुट्टीचा टोपलीशी संबंध काय ते आधी सांगा.

वऱ्हाडीठेचा
हिंदीत ओल्या हरभऱ्याला बूट म्हणतात. हरभऱ्याच्या झाडावर चढवणे आणि बूट काढणे एकाच शेतातले असावेत असं मला नेहमी वाटतं. पुरावा नाही, पण बुट्टीपेक्षा बरं आहे.

पंचगंगा
तुमच्याकडं सगळं हरभऱ्यातनंच निघतंय.

रातपाळी
ओलीशाई, हे चालू दे, तुमचं काम आधी सांगतो. इन्स्टॉल करताना पडद्याच्या तळाशी ‘बूटलोडर कुठल्या डिस्कवर टाकायचा’ असा रकाना असतो. जुन्या बायोसमध्ये पेनड्राइव्हवरून बूट केलं की कधी कधी लिनक्सच्या लेखी पेनड्राइव्हच एसडीए (पहिली डिस्क) होतो आणि हार्ड डिस्क एसडीबी (दुसरी). रकान्यात मुळातच एसडीए लिहिलेलं असतं, म्हणून ग्रब पेनड्राइव्हवर जाऊन बसतं. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप बूट करा, टर्मिनलमध्ये (आज्ञा लिहायची खिडकी) एलएसबीएलके लिहून डिस्कांची यादी काढा, आकारावरून हार्ड डिस्क ओळखा, मग सुडो (मालकाच्या अधिकाराने चालव, असं सांगणारा शब्द) लावून ग्रब-इन्स्टॉल आणि पुढे त्या डिस्कचा पत्ता. नावाच्या शेवटी आकडा लावू नका. आकडा लावला की ते पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक तुकडा होतं, आपल्याला अख्खी डिस्क हवी. हे फक्त जुन्या बायोसचं झालं, यूईएफआयवाल्यांना (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) वेगळं लिहावं लागेल.

मोडीवाचक
‘ग्रब टाकणे’, ‘लिनक्स टाकणे’. टाकायला तो केर आहे का? अधिष्ठापित करणे हा शब्द आहे. निदान ‘बसवणे’ म्हणा, आपण नळ बसवतो, गणपती बसवतो.

दादरटीटी
आणि आमच्या गल्लीतली मुलं ‘विंडोज मारून दे’ म्हणतात, त्यांचं काय करायचं? मारणे म्हणजे ठार करणेच असं नाही. रंग मारतो, शिक्का मारतो, झाडू मारतो. माझ्या कानाला यात बारीक फरक जाणवतो. ‘त्यावर उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) मारला’ म्हणजे आधीचं सगळं पुसून. ‘उबंटू टाकला’ म्हणजे कदाचित विंडोजच्या शेजारी. इन्स्टॉलर अगदी हेच विचारतो: शेजारी बसवू की डिस्क पुसू? पत्रकात इथे गल्लीतला शब्द वापरला तर एखाद्याचे लग्नाचे फोटो वाचतील.

वऱ्हाडीठेचा
आमच्याकडे दोन्हीला ‘टाकणे’च. फोटो वाचवायचे असतील तर ‘सगळं पुसलं जाईल’ असं ठळक लिहा, क्रियापदावर विसंबू नका.

मोडीवाचक
वापर आहे म्हणून सगळंच घ्यायचं ठरवलं तर ‘महापौर’ झालाच नसता, आपण अजून मेयरच म्हणत बसलो असतो.

दादरटीटी
महापौर रुळला कारण तो तोंडात बसतो. अधिष्ठापित एकदा भरभर म्हणून दाखवा.

ओलीशाई
रातपाळी, झालं! पेनड्राइव्ह काढूनही बूट होतोय. पत्रकात ‘बूट’ ठेवतेय, पहिल्यांदा येतो तिथे एक ओळ समजावून. सर नाराज आहेत. ‘उठणे’ त्यांना आवडलं होतं.

आता नवीन अडचण. अपडेट करायला गेलं की ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते, आणि ब्राउझर प्रत्येक पानाला असुरक्षित म्हणतो. वायफाय चालू आहे.

रातपाळी
कोपऱ्यातली तारीख बघा. काही वर्षं मागे असेल. आतलं घड्याळ चालू ठेवणारा सेल संपलाय, सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानात मिळतो. काही लॅपटॉपांत त्याला वायर जोडलेली असते, तसा असेल तर तसाच मागा. तोवर तारीख हाताने लावा, दोन्ही तक्रारी जातील.

मोडीवाचक
सेल नव्हे, घट. विद्युतघट.

पंचगंगा
घट मागा दुकानात, तो कुंभारवाड्याचा पत्ता देईल. आणि बुट्टीचं माझं अजून संपलेलं नाही. उद्या बेळगावच्या मामांना फोन लावून विचारतो.